पुढे टोमॅटो, मागे माऊ

४ फेब्रुवारी

रोपं मेली. सगळीच्या सगळी. काल भर दुपारी लावली, आज सकाळी बघते तर सगळ्यांनी माना टाकलेल्या. शेजारचे मास्तर कुंपणावरून वाकून बघत होते. म्हणाले, "बाई, टोमॅटो दुपारी लावायचे नसतात, उन्हं उतरल्यावर लावायचे. आणि असे वरवर नाही. खालची पानं खुडून देठ चांगला खोल पुरायचा, त्या देठालाच मुळं फुटतात." काल मी घाम गाळत होते तेव्हा हे गृहस्थ गॅलरीत पेपर वाचत बसले होते. तेव्हा काय तोंडात मिठाची गुळणी धरली होती? असं म्हणायचं होतं. म्हटलं, "बरं."

हे असं गिळलेलं सगळं रक्तात जातं म्हणे. डॉक्टर म्हणाले, "काकू, राग माणसांवर काढू नका, वहीत काढा." म्हणून ही वही. गेल्या महिन्यापर्यंत वहीची गरज नव्हती. शर्टांच्या कारखान्यात मी तपासणी विभागाची प्रमुख होते, राग काढायला अख्खा मजला होता. वाकडी कॉलर, सुटलेला टाका, एका बाहीचा रंग दुसरीहून जरा फिका, असा एक शर्ट माझ्या नजरेतून सुटला नाही. आता निवृत्त झाले आणि नजर ठेवायला घरात दोनच माणसं उरली. एक हे. अर्धा दिवस चष्म्याच्या दुकानात काचा बसवतात आणि उरलेला अर्धा दिवस गप्प बसतात. दुसरी माऊ, आमची लेक. चार दिवस राहायला म्हणून आली, ती हलायचं नाव घेत नाही. नवऱ्याशी काय बिनसलं म्हणून विचारलं तर म्हणते, "काही नाही." काही नाही, तर इथे काय करतेस?

उद्या नवीन रोपं आणणार. मी हरणार नाही.

७ फेब्रुवारी

नवीन रोपं लावली. मास्तरांनी सांगितलं तसंच, पण मास्तर झोपलेले असताना.

माऊला म्हटलं, जरा हात लाव. मातीची पिशवी उचल म्हटलं तर डाव्या हाताने उचलायला गेली आणि पाडली. सगळी माती पायरीवर. "उजवा हात काय शोभेला आहे का?" म्हटलं. "दोन वर्षांत एवढी नाजूक झालीस?" केरसुणी घेऊन माती गोळा करायला लागली, तीही डाव्याच हाताने, आणि गोळा होताच मागे निघून गेली. पुढच्या अंगणात ती थांबतच नाही. "पुढे नको, आई," एवढंच. पुढे दिवसभर ऊन, रस्त्यावरून चार माणसं जाता-येता दिसतात, गप्पा होतात. ते सोडून ही बसते मागे, जिथे आमचं स्वयंपाकघर आणि पाच मजली इमारतीची भिंत यांच्यामध्ये एक काळोखी पट्टी आहे. बाजूच्या मोठ्या झाडाने उरलंसुरलं ऊनही खाल्लंय. मोडकी खुर्ची, दोन बादल्या आणि माऊ.

लोक विचारतील म्हणून तोंड लपवते. लाज वाटते तर मग जा घरी.

संध्याकाळी जावयाचा फोन. रोज येतो. "आई, ती जेवली का? दिवसभर काय केलं? कुठे बाहेर गेली होती का? कुणी भेटायला आलं होतं?" एवढी काळजी करतो बिचारा. लग्न झाल्यावर मी माहेरी गेले होते तेव्हा यांनी एकदा फोन केला होता, तो कपाटाची किल्ली कुठे ठेवलीस हे विचारायला.

१३ फेब्रुवारी

बापलेकीचं काहीतरी शिजतंय. परवा हे दुकानातून येताना नेच्याची तीन रोपं घेऊन आले. मला आजवर या माणसाने फुलाची पाकळी आणली नाही.

म्हटलं, "त्या अंधारात काय उगवणार?"

माऊ म्हणाली, "सावलीतही उगवतात, आई. उन्हातली आणून सावलीत लावली तरच मरतात."

मोठी आली शहाणी. काल दिवसभर खडू घेऊन बसली होती. भिंतीवर, जमिनीवर, जिथे म्हणून उजेडाचा कवडसा पडेल तिथे रेघ मारायची. म्हणते, सावली सगळी सारखी नसते. झाडाखाली चाळणीतून गाळल्यासारखा उजेड येतो, तिथे रंगीत पानांचा कोलियस चालेल. भिंतीच्या अगदी बुडाशी नेचे. झाडाची मुळं सगळं पाणी पितात, म्हणून तिथे खोल खणायचं नाही, वरून पालापाचोळ्याचं खत पसरायचं आणि उथळ मुळांचं काही लावायचं. हे मात्र मान डोलावत तिचं सगळं ऐकत होते. माझ्या टोमॅटोबद्दल दोघांनी अवाक्षर काढलं नाही.

तेवढ्यात तिचा मोबाइल वाजला. पटकन उठली, भिंतीचा फोटो काढला आणि पाठवून दिला. विचारलं, भिंतीचा कसला फोटो? म्हणाली, "मी कुठे आहे ते त्याला बघायचं असतं."

"दूर राहूनही जवळ असल्यासारखं," मी म्हटलं.

"हो," म्हणाली आणि खडू शोधायला लागली. खडू तिच्या हातातच होता.

२१ फेब्रुवारी

पानं पिवळी. मी दिवसातून तीनदा पाणी घालते, दर आठवड्याला खत घालते, आणि ही पिवळी. मास्तर म्हणाले, "फार लाड करताय. मातीत बोट खुपसून बघा, आत कोरडं लागलं तरच पाणी द्या. तेही सकाळी आणि बुंध्याशी, पानांवर नाही." मी म्हटलं, "मास्तर, तुमच्या गॅलरीत तर एक कुंडी नाही." म्हणाले, "नाही ना. सगळी मारून झाली, त्यातूनच शिकलो." आता या माणसावर रागवायचं तरी कसं?

रागावले तरीही.

२ मार्च

आज घरात जरा बरं घडलं. डोळ्यांच्या दवाखान्यात माऊला काम मिळालं, आलेल्या पेशंटची नावं लिहायची, नंबर पुकारायचे. यांच्या दुकानाशी त्या डॉक्टरबाईंची ओळख. माऊ मुलाखतीहून आली तेव्हा मान वर होती. चहा पिताना चक्क हसली. बुधवारपासून जायचंय.

मी फोन घेऊन पुढच्या खोलीत निघाले तर हे म्हणाले, "जावयाला सांगू नकोस."

"का?"

"नको सांगूस, झालं."

असं कोड्यात बोलायचं आणि समोरच्याने समजून घ्यायचं. यांना जावई पहिल्यापासून आवडत नाही. का, तर तो बोलका आहे. घरात बोलणाऱ्या माणसाचं यांना वावडं, माझं सुद्धा. मी सांगितलं. बायकोला नोकरी लागली, नवऱ्याला कळायला नको? जावई म्हणाला, "अरे वा, आई. कुठल्या दवाखान्यात?" पत्ता, वेळ, सगळं नीट विचारून घेतलं. सोडायला-आणायला येणार असेल.

५ मार्च

दवाखान्याने नाही म्हटलं.

आज सकाळी माऊ तयार होऊन निघणार एवढ्यात फोन. म्हणे आम्हाला दुसरं माणूस मिळालं. मी तशीच उठले, दवाखान्यात गेले आणि पेशंटांनी भरलेल्या खोलीत डॉक्टरबाईंना विचारलं, की एकदा शब्द दिल्यावर फिरवता कसा? त्या मला आत घेऊन गेल्या. म्हणाल्या, "तुमच्याच घरून फोन आला होता. मुलीचं मानसिक ठीक नसतं, औषधं चालू आहेत, तुमच्या पैशाअडक्याजवळ बसवू नका म्हणून. मला धोका नको, काकू."

आमच्याच घरून. कोण मेलं जळतं आमच्यावर? वाटेत सगळ्यांची नावं मनात घेतली. नोकरीचं माहीत होतं कुणाला? आम्ही तिघं, जावई, आणि मास्तर. मास्तरांना मीच कुंपणावरून सांगितलं होतं. आता कळलं. एवढा गोड बोलणारा माणूस कधी सरळ नसतो. आजपासून मास्तरांशी बोलणं बंद.

माऊ रडली नाही. एवढंच म्हणाली, "तू कुणाकुणाला सांगितलं होतंस?"

"घरातल्या माणसांना. आणखी कुणाला?"

मग चांगले कपडे घातलेले होते, तशीच मागे गेली आणि अंधार पडेपर्यंत माती उकरत बसली. साडीचं वाटोळं. हे माझ्याशी जेवताना बोलले नाहीत, म्हणजे नेहमीसारखंच, पण आज मुद्दाम.

१६ मार्च

टोमॅटो माझ्या खांद्याला लागलेत. काय ती पानं, काय तो हिरवा रंग. फूल एक नाही. खत जास्त झालं की असं होतं, असं रोपवाटिकेतली बाई म्हणाली. झाडाला वाटतं आपलं छान चाललंय, फळ कशाला धरू. खत बंद.

आज जावई आला. न सांगता, पण हात हलवत नाही. बांबूच्या काठ्या आणि दोरीचं बंडल घेऊन. "आई, तुम्ही फोनवर म्हणालात ना, झाडं लोळतात म्हणून." पोटच्या पोरीने आधार दिला नाही तो याने दिला. बाह्या दुमडून काठ्या रोवल्या, एकेक झाड बांधलं. पान आणि खोड यांच्या बेचक्यातून निघणारी फूट नखाने खुडून काढली. "ही ठेवायची नाही, आई. ठेवली की झाड मोकाट सुटतं. वेळच्या वेळी खुडलं की वळणावर राहतं." आवाज इतका हळू, की झाडाशी बोलतोय असं वाटावं. माझ्या घरात असा हळू बोलणारा माणूस नाही. एक बोलतच नाही आणि मी ओरडते.

माऊने चहा केला. कपात चमचा धरून त्याला विचारते, "साखर किती घालू?" लग्नाला दोन वर्षं झाली आणि हिला नवऱ्याची साखर माहीत नाही. मी बोलले तिला. जावई म्हणाला, "असू दे, आई. ती विचारून करते तेच बरं."

मग मागे काय केलंय बघू म्हणाला. मागच्या दारात हे खुर्ची टाकून बसले होते, दाराच्या बरोबर मधोमध. उठले नाहीत. जावई उभा, हे बसलेले, आणि दोघंही बोलत नाहीत. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. शेवटी तोच म्हणाला, "पुन्हा कधीतरी," आणि निघाला.

तो गेल्यावर मी यांना फाडून खाल्लं. म्हटलं, जावयाला दारातून मागे पाठवायचं? पोरीचा संसार मोडायचाय का तुम्हाला? ऐकून घेतलं सगळं. मग म्हणाले, "तो पुन्हा यायचा असेल तर मला आधी सांग."

का, आरती ओवाळणार आहात?

२४ मार्च

दोरी देठात रुतली. जावयाने इतकी आवळून बांधली होती की तीन झाडांच्या खोडाला खाच पडली. एक वरून सुकायला लागलं. माऊ कात्री घेऊन आली, चक्क पुढच्या अंगणात, आणि सगळ्या गाठी कापून टाकल्या. मग जुन्या मऊ कापडाच्या पट्ट्या घेतल्या, काठीला एक वेढा, झाडाला एक वेढा, मध्ये सैल जागा. "खोड जाड होतं, आई. त्याला वाढायला जागा ठेवायची असते."

"त्याने चांगल्या मनाने बांधली होती," मी म्हटलं.

तिने कात्री ओट्यावर ठेवली आणि हात धुवायला गेली. किती वेळ नळ चालू होता. पाण्याला काही मोल आहे की नाही?

३१ मार्च

फुलं आली. पिवळी, लहान, खाली तोंड करून. सकाळी फांदीला टिचकी मारायची म्हणजे पराग झडतात आणि फळ धरतं. मी रोज टिचक्या मारत फिरते. रस्त्यावरचे लोक बघतात. बघू देत.

जावयाचा फोन. आज पहिल्यांदा त्याचा आवाज भरून आला. म्हणाला, "आई, मला तिला न्यायचंय. तुम्हीच काहीतरी करा. बाबा मला तिच्याशी बोलू देत नाहीत." यांच्या दुकानाचा मालक परगावी जाणार आहे, त्यामुळे गुरुवारी हे दिवसभर दुकानात. मी म्हटलं, गुरुवारी या. मी बाहेर जाते, तुम्ही दोघं मोकळेपणी बोला. जे आहे ते एकदाचं मिटवा.

यांना सांगितलेलं नाही. आई आहे मी तिची. तिचं भलं मला कळत नाही, असं होईल का?

३ एप्रिल, गुरुवार

अक्षर कसंही येऊ दे.

तो आला तेव्हा मी पिशवी घेऊन निघाले. माऊ दारात आली आणि म्हणाली, "आई, कुठे चाललीस?" म्हटलं, रोपवाटिकेत, येते तासाभरात. तिने माझी पिशवी धरली. लहानपणी शाळेच्या दारात धरायची तशी. मी सोडवून घेतली.

रोपवाटिका बंद होती. दोन मिनिटं उभी राहिले आणि परत फिरले. घर शांत होतं. मागे नळ चालू होता.

तो नळाखाली हात धूत होता. मागचं सगळं उपटलेलं होतं. नेचे, कोलियस, भिंतीकडेचा पुदिना, मुळासकट. सगळ्याचा एका कोपऱ्यात नीट ढीग केलेला. मोडतोड अशी नाहीच, साफसफाई केल्यासारखं. माऊ भिंतीला टेकून उभी. तिची भरलेली बॅग स्वयंपाकघरात.

"आलात, आई?" तो म्हणाला. "मी जरा हे आवरलं. म्हटलं, आता इथे चिखलात बसायची गरज नाही. निघतोच आम्ही." आणि हात पुसून त्याने माऊचं उजवं मनगट धरलं.

दुसऱ्या कुणाला काही दिसलं नसतं. ओढलं नाही त्याने, आवाज चढवला नाही. फक्त मनगट धरलेला हात जरासा फिरवला. नळ बंद करताना फिरवतो तेवढाच. आणि माऊचा गुडघा वाकला. तोंडातून आवाज नाही आला. आपोआप वाकला, सवयीने.

मी म्हटलं, "सोड तिला."

जावयाला मी आजवर अहो-जाहो केलं. "तुम्ही" सोडून कधी हाक मारली नाही. त्याच्याही ते लक्षात आलं. "काय म्हणालात?"

"तिचा हात सोड."

"आई, तुम्हीच तर बोलावलंत मला." हसत होता. "रोज सगळं तुम्हीच सांगत होतात. दवाखान्याचंही तुम्हीच सांगितलंत. आता मध्येच काय झालं?"

पुढे मी काय काय बोलले ते आठवत नाही. बोलले नाही, ओरडले. कारखान्यात सगळी मशिनं खडखडत असताना माझी हाक शेवटच्या टेबलापर्यंत जायची. त्या इमारतीच्या खिडक्या उघडायला लागल्या, पहिल्या मजल्यापासून पाचव्यापर्यंत. मी वर बघून सगळ्यांना सांगितलं, हा माझ्या मुलीचा हात पिरगाळतो, बघून ठेवा याचं तोंड. मास्तर घरातून धावत आले, एका पायात चप्पल, हातात पेपर. "काय झालं, बाई?"

"या माणसाला बाहेर काढायचंय."

मास्तर सत्तरीचे. फुंकर मारली तर पडतील. तरी येऊन माझ्या बाजूला उभे राहिले.

एवढे लोक बघायला लागले तेव्हा त्याने हात सोडला. बाह्या खाली केल्या, बटणं लावली, एकेक करून, सावकाश. "लोकांसमोर तमाशा केलात. ठीक आहे," म्हणाला आणि पुढच्या दाराने गेला. जाताना फाटक नीट ओढून घेतलं. मला त्या नीटपणाचीच शिसारी आली.

माऊ खाली बसली होती. मी जवळ गेले तर म्हणाली, "नको." मास्तरांनी यांना फोन केला.

५ एप्रिल

मनगटाचा एक्स-रे काढला. डॉक्टर म्हणाले, "हे आधी एकदा मोडलंय आणि तसंच वाकडं जुळलंय. तेव्हा दाखवलं नव्हतं का?" माऊ म्हणाली, "दाखवू दिलं नव्हतं." मी खुर्चीवरून उठून खिडकीजवळ गेले. वाकडी कॉलर मला दहा फुटांवरून दिसायची.

मग पोलीस चौकीत. टेबलामागचा माणूस म्हणाला, "नवरा-बायकोत होतं थोडंफार. समजुतीने घ्या." मी त्याला विचारलं, की थोडंफार म्हणजे किती, तुझं मनगट इकडे आण, दाखवते. हे मला म्हणाले, "हळू." मी म्हटलं, आता मला कुणी हळू म्हणायचं नाही. तक्रार घेतली. घ्यायला लावली.

घरी आल्यावर यांना धरलं. "तुम्हाला माहीत होतं?"

"आली त्याच दिवशी सांगितलं तिने."

"आणि मला नाही?"

"तिने शपथ घातली होती." बराच वेळ चष्मा पुसत होते. "म्हणाली, आईला सांगितलं तर ती आधी त्याला फोन करून विचारेल, हे खरं का म्हणून."

हो, मी विचारलंच असतं. दोन्ही बाजू ऐकून घ्यायला हव्यात, असं म्हणून विचारलं असतं, आणि तो काय सांगतो त्यावर विश्वास ठेवला असता.

पण यांनाही सोडणार नाही मी. दाराच्या मधोमध खुर्ची टाकून बसलात, मोठं काम केलंत. गुरुवारी ती खुर्ची रिकामी होती. शपथ मोडायची होती. मला दोन थोबाडीत मारून सांगायचं होतं. गप्प बसणाऱ्या माणसाला लोक शहाणा समजतात, आणि ओरडणाऱ्या बाईला बिनडोक. या वेळी दोघं सारखेच निघालो. हे मी त्यांना तोंडावर सांगितलं. ते "हो" म्हणाले. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, पण मला दया आली नाही. माझ्या वाट्याची दया सगळी संपलीय.

९ एप्रिल

मास्तरांकडे गेले. म्हटलं, दवाखान्यात फोन तुम्ही केला असं मला वाटलं होतं, म्हणून महिनाभर बोलले नाही. मास्तर म्हणाले, "बोलत नव्हतात? मला वाटलं टोमॅटोत गुंतलायत."

२२ एप्रिल

पहिले टोमॅटो पिकले. फुटलेले. त्या गुरुवारनंतर आठवडाभर कुणी पाणी घातलं नाही, मग मी एकदम बादल्याच्या बादल्या ओतल्या. कोरड्यावर असं अचानक पाणी पडलं की आतला गर फुगतो, साल तेवढी ताणत नाही आणि फाटते. काहींची बुडं काळी पडलीत. तेही पाणी कधी आहे कधी नाही, त्यामुळेच. काळं तेवढं कापून टाकलं, बाकीचं मीठ लावून आम्ही तिघांनी खाल्लं. कुणी छान म्हटलं नाही. छान होते.

मागे माऊने सगळं पुन्हा लावलंय. उपटलेल्या नेच्यांची मुळं तिने त्याच संध्याकाळी ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवली होती म्हणे. आम्ही सगळे रडतओरडत असताना. निम्मे जगले. कोलियसच्या मोडक्या फांद्या पाण्यात ठेवल्या होत्या, त्यांना मुळं फुटली. ती माझ्याशी कामापुरतं बोलते. चहा हवा का, भाजी काय आणायची, एवढंच. मी मागे गेले की उठते. भांडत नाही. भांडली असती तर मला कळलं असतं, काय करायचं ते.

वकीलबाई म्हणाल्या, वेळ लागेल. त्याचा फोन मला तरीही येत होता. मी उचलत नव्हते. एकदा उचलला आणि जे बोलायचं ते बोलले. त्यानंतर येत नाही.

४ मे

आज मी दवाखान्यात गेले होते. डॉक्टरबाईंना सगळं सांगितलं, एक्स-रे दाखवला, तक्रारीची प्रत दाखवली. त्या बिचाऱ्यांनी हात जोडायचेच बाकी ठेवले. म्हणाल्या, उद्यापासून पाठवा तिला. मी आनंदाने घरी आले, थेट मागच्या दारात. माऊ नेच्यांना झारीने पाणी घालत होती. हे त्या खुर्चीवर.

म्हटलं, "माऊ, तुझं काम झालं. उद्यापासून जायचं. मी सगळं बोलून आले."

झारी थांबली. "तू कुणाला विचारून गेलीस?"

"अगं, विचारायचं काय त्यात? तुझ्याच भल्याचं..."

तिने झारी फेकली. माझ्या अंगावर नाही, भिंतीवर, पण पाणी माझ्या पायांवर आलं. आणि मग ती ओरडली. माझ्या या मुलीचा आवाज एवढा आहे हे मला माहीत नव्हतं. "माझा एक्स-रे तू कुणालाही दाखवत फिरणार? मला न विचारता? मी इथे लपायला आले होते. माझ्या आईच्या घरी. आणि तू रोज त्याला सांगत होतीस मी काय खाल्लं, कुठे बसले. मी तुझी पिशवी धरली होती, आई. मी पिशवी धरली होती आणि तू सोडवून घेतलीस."

वर खिडक्या उघडल्या. ती वर बघायला थांबली नाही. हे उठायला लागले, मी हाताने बसा म्हणून खुणावलं. माझ्याकडे उत्तर होतं. मला माहीत नव्हतं, हे उत्तर. खरंही होतं. ते मी दिलं नाही. ओल्या पायांनी उभी राहिले आणि तिचं सगळं ऐकलं. लहानपणापासूनचं. शाळेच्या स्नेहसंमेलनात मी तिला सगळ्यांसमोर बोलले होते ते. लग्नाच्या आधी ती "थांबूया का" म्हणाली होती आणि मी हॉल ठरलाय म्हटलं होतं ते. काही मला आठवत होतं, काही नाही. तिला सगळं आठवत होतं.

आवाज बसला तेव्हा थांबली. म्हणाली, "दवाखान्यात मी माझी जाईन. मला वाटलं तर. तू यायचं नाहीस."

"नाही येणार."

"फोनही करायचा नाहीस."

"नाही करणार."

आत गेली. मी पुढच्या अंगणात येऊन बसले, इथेच लिहितेय. ती मला माफ करेल की नाही, माहीत नाही. आज तरी नाही केलंय. स्वयंपाकघरात भांडी आदळायचा आवाज येतोय, एकामागून एक, पार फाटकापर्यंत. हे बाहेर आले आणि म्हणाले, "सांगू का तिला, जरा हळू?"

म्हटलं, "खबरदार. आदळू दे."